मदत हवी आहे: गिरिभ्रमण मंडळाच्या नोंदींसाठी सभासदांपुरती खाजगी जागा कशी उभारावी?

नमस्कार मंडळी,

कल्याण-डोंबिवलीकडच्या एका गिरिभ्रमण मंडळाचा मी कार्यवाह आहे. मंडळ १९८८ पासूनचं, आज २१२ सभासद. सगळ्यात धाकटी १९ वर्षांची, सगळ्यात थोरले ७८ वर्षांचे. आम्हाला ऑनलाइन अशी एक जागा करायची आहे जी फक्त सभासदांनाच उघडेल आणि जिथे एकेका किल्ल्याच्या, घाटवाटेच्या नोंदी एकत्र राहतील. हे आत्ताच का, ते आधी सांगतो.

गेल्या एप्रिलमधे आम्ही १४ जण अलंग-मदन-कुलंग या शेजारशेजारच्या तीन किल्ल्यांना निघालो. पहाटेची कसारा लोकल, तिथून जीपने आंबेवाडी, पहिला मुक्काम अलंगवर. दुसऱ्या दिवशी दोर लावून मदनचा कातळटप्पा चढलो आणि वर पाहतो तर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं कोरडं. तळाला भेगाळलेला गाळ, त्यात अडकलेली पानं. पाणी इथे भरून घेऊ असं धरून चाललो होतो, त्यामुळे सगळ्यांत मिळून ९ लिटर उरलं होतं. तेवढ्यावर भर उन्हात एकेकाला दोरावरून उतरवायला तीन तास गेले. ६१ वर्षांच्या एका काकांच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, त्यांना पाऊल टेकवेना. आंबेवाडीचा वाटाड्या पोरगा एकटा अलंगवर परत गेला आणि दोन कॅन भरून घेऊन आला, म्हणून निभावलं.

घरी आल्यावर मंडळाचा संदेशांचा ग्रुप चाळला. आदल्याच वर्षी मार्चमधे आमच्या एका सभासदाने लिहून ठेवलं होतं, की मदनवर पाणी नाही, अलंगवरूनच भरून न्या. लिहिलं होतं रोमन लिपीत, वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या मधोमध. निघण्यापूर्वी मी ‘टाकं’ असं देवनागरीत शोधलं होतं. मिळणार कुठून?

आमच्या कपाटात ११ फुलस्केप वह्या आहेत. प्रत्येक ट्रेकनंतर म्होरक्याने नोंद लिहायची हा शिरस्ता होता. १९९१ च्या वहीत एका पानावर निळ्या शाईत लिहिलंय, ‘डावीकडचं टाकं, पाणी गोड, १७ मार्च.’ शेजारी समासात पेन्सिलने दुसऱ्याच कुणाचं अक्षर: ‘९६ च्या मेमधे आटलेलं.’ त्याखाली हिरव्या शाईत तिसरं: ‘आता शेवाळ, गाळून घ्या.’ तीन पिढ्या एका समासात बोलतायत. ग्रुप आल्यापासून आमच्याकडे बोलणं दसपट झालं, पण समास गेला. मला तो समास परत हवा आहे.

सगळ्यांसाठी उघडं का नाही, असं कुणी विचारेल. नोंदींमधे वाड्या-पाड्यांतल्या लोकांचे फोन आहेत, जे रात्री-अपरात्री दार उघडतात, भाकरी करून घालतात. शिवाय दुर्मीळ गुहा, शिल्पं, पक्ष्यांची घरटी आहेत. गुप्तधनाच्या नादाने टाक्यांचे तळ उकरणारे लोक आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत.

तर प्रश्न असे: कोणती प्रणाली घ्यावी? आमच्यात एकच मुलगी संगणकातली आहे, ती आठवड्याला दोन तास देऊ शकते. वर्षाला ८-१० हजार खर्च मंडळाला झेपेल. आणि फक्त ईमेल वापरणाऱ्या ज्येष्ठांना यात कसं धरून ठेवायचं?

प्रतिसाद १

कार्यवाह साहेब, तुमच्या गरजेला डिस्कोर्स ही चर्चामंचाची प्रणाली चपखल बसेल. मुक्त स्रोत आहे, लॉगिन सक्तीचं करता येतं, नुसत्या निमंत्रणावर प्रवेश ठेवता येतो, आणि नवा अर्ज मंजूर करायचं काम दोघा-तिघांवर सोपवता येतं. ज्येष्ठांसाठी मुख्य गोष्ट म्हणजे नीट मांडणी केली तर आलेल्या ईमेलला उत्तर दिलं की ते थेट धाग्यात, म्हणजे त्या विषयाच्या चर्चेत, जाऊन बसतं. त्यांना संकेतस्थळ उघडायचीही गरज नाही.

सर्व्हरला किमान १ जीबी मेमरी लागते, पण २ जीबी घ्या, नाहीतर अद्ययावत करताना अडकेल. घोळ होतो तो ईमेलचा. भाड्याच्या सर्व्हरवरून थेट मेल पाठवायला बऱ्याच ठिकाणी २५ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे मेल बाहेर जायची वाट, बंद असतं. मेल पाठवणारी वेगळी सेवा घ्या आणि डोमेनच्या (संकेतस्थळाच्या नावाच्या) नोंदींत एसपीएफ आणि डीकेआयएम भरा, मेल खरंच तुमचाच आहे हे त्यांवरून पटतं. ते राहिलं तर निमंत्रणं स्पॅममधे जातात आणि लोकांना वाटतं मंडळाने आपल्याला विचारलंच नाही.

सर्व्हर झेपणार नसेल तर साध्या होस्टिंगवर पीएचपीबीबी ही दुसरी चर्चामंच-प्रणाली चालते. आणि मायएसक्यूएल या डेटाबेसवर चालणारी कुठलीही प्रणाली घेतलीत तर तो यूटीएफ८एमबी४ या अक्षरं साठवायच्या मांडणीत आहे ना ते बघा. देवनागरी अक्षराला तीन बाइट पुरतात, इमोजीला चार लागतात. जुन्या तीन बाइटांच्या मांडणीत इमोजी असलेला प्रतिसाद तिथेच तुटतो किंवा जतनच होत नाही.

प्रतिसाद २

दादा, शोधाबद्दल सांगते, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे. प्रणाली बदलून ती आपोआप सुटणार नाही. टाकं, टाके, टाकी, टाक्यात, टाक्यावर ही पाचही रूपं आपल्याला एक, पण शोधयंत्राला पाच वेगळे शब्द. रोमनमधलं तर सहावं. आमच्या भजनी मंडळाच्या संग्रहात ‘विठ्ठल’ शोधलं की ‘विठ्ठलाचे’ निसटायचं.

आम्ही शेवटी शोधावर भिस्त ठेवणं सोडलं. एका विषयाला एकच धागा, आणि धाग्याचं नाव ठरलेलं. तुम्ही एका किल्ल्याला एक धागा करा. धाग्याच्या अगदी सुरुवातीला चार ओळी कायम ताज्या ठेवा: पाणी कुठे, कोणत्या महिन्यापर्यंत, दोर किती, शेवटचं कोण कधी गेलं. खाली समास चालू द्या.

आणि ग्रुप बंद करू नका. बस किती वाजता, डबा कोण आणणार हे तिथेच राहू द्या. सगळ्यांनी इकडे या म्हटलं की कुणीच येत नाही, हे आम्ही वर्षभर पाहिलं. दोन नोंदवहीवाले नेमा. ग्रुपवर कामाचं काही आलं की त्यांनी ते धाग्यात देवनागरीत उतरवायचं आणि दुवा परत ग्रुपवर टाकायचा. लोक हळूहळू दुव्यामागून येतात.

प्रतिसाद ३

वाडीतल्या लोकांचे फोन टाकण्याआधी त्यांना विचारा. व्यक्तिगत माहितीचा कायदा २०२३ मधे झाला, पण कायदा बाजूला ठेवला तरी त्या माऊलीला आपला नंबर २१२ जणांकडे जातोय हे माहीत असायला हवं. दुसरं, फोटोंमधे बऱ्याचदा जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात, घरट्यांचे फोटो चढवताना ते काढून टाका. आणि लॉगिन सक्तीचं केल्यावर फोटोचा थेट दुवा लॉगिन न केलेल्या ब्राउझरमधे उघडून पाहा. धागा बंद पण फोटो उघडा, असं होऊ शकतं.

डोमेन कुणा एकाच्या नावावर घेऊ नका, मंडळाच्या ईमेलवर घ्या. माणूस परदेशी गेला की चाव्या त्याच्याबरोबर जातात. बॅकअपही दुसऱ्या ठिकाणी जायला हवा. याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० ला बंद झाले, त्याआधीच तिथला जुना मजकूर काढला होता. ज्यांनी वेळेत उतरवून घेतला त्यांचाच उरला.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा ‘एका किल्ल्याला एक धागा’ काल कार्यकारिणीत वाचून दाखवला आणि तो तसाच मंजूर झाला. डिस्कोर्स घेतोय, २ जीबीवर. डोमेन मंडळाच्या नावाने, पासवर्ड अध्यक्ष, खजिनदार आणि त्या मुलीकडे. फोनचं आम्हाला सुचलंच नव्हतं. येत्या पावसाळ्याआधी आंबेवाडीला जाऊन प्रत्येक घरी विचारून येऊ.

पहिला धागा मदनचा. एप्रिलची नोंद काकांनीच लिहून दिली आहे, स्वतःच्या अक्षरात, दोन पानं. खाली ग्रुपमधला तो मार्चचा संदेश देवनागरीत उतरवला.

आता एक अडचण उरली. ११ वह्यांची साधारण १,९०० पानं आहेत. पेन्सिलचे शेरे पुसट झालेत आणि फोनने काढलेल्या फोटोत ते दिसतच नाहीत, कपाटातल्या दमटपणाने कागदही पिवळा पडलाय. वही न उसवता, पेन्सिल उमटेल असं स्कॅनिंग कुणी केलं आहे का? ठाणे-कल्याण भागात कुणाकडे वरून फोटो घेणारा स्कॅनर असेल तर आम्ही वह्या घेऊन स्वतः येऊ, आणि पानं उलटायला माणसंही आणू.