डिजिटल संग्राह्य चित्र विकत घेणाऱ्याच्या हाती नेमके काय पडते?

हौशी संग्राहक: माझा भाचा चित्रकार असून त्याने आपल्या ५० डिजिटल चित्रांची मालिका 'एनएफटी' (स्वतंत्र ओळख असलेले डिजिटल टोकन) स्वरूपात विक्रीस ठेवली आहे. त्यातले एक मी ८ हजार रुपयांना घ्यावे, असा त्याचा आग्रह आहे. तेच चित्र कोणालाही फुकट उतरवून घेता येत असताना, पैसे मोजून मला वेगळे असे काय मिळणार? त्याला हातभार लावायचा आहेच. परंतु 'गुंतवणूक' हा शब्द तो वारंवार वापरतो, त्यात कितपत तथ्य आहे?

दस्तऐवज: आपल्याला मिळते ती ब्लॉकचेनवरची, म्हणजे अनेक संगणकांवर राखल्या जाणाऱ्या सामायिक नोंदवहीतली, एक नोंद. अमुक क्रमांकाचे टोकन अमुक पत्त्याच्या (डिजिटल खात्याच्या) नावे आहे, एवढेच ती सांगते. सातबाऱ्याची उपमा सुचते खरी (सातबारा हाही मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे, हा भाग वेगळा), पण सातबाऱ्यामागे निदान जमीन असते. येथे बहुधा चित्राच्या फाइलकडे नेणारा दुवा असतो आणि फाइल इतरत्र साठवलेली असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स ही आभासी चलनांची बाजारपेठ दिवाळखोरीत निघाल्यावर, ज्यांची चित्रे तिच्या सर्व्हरवर होती त्यांच्याकडे टोकने राहिली, चित्रे मात्र दिसेनाशी झाली.

स्वामित्वहक्कही (कॉपीराइट) आपोआप मिळत नाही. मार्च २०२१ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात बीपल या चित्रकाराचे डिजिटल चित्र सुमारे ६.९३ कोटी डॉलरना गेले, तरी त्याचा स्वामित्वहक्क चित्रकाराकडेच राहिला. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते.

हिशेबी: पुढचा गिऱ्हाईक मिळाला तरच किंमत, एवढे ध्यानात ठेवावे. ट्विटरचे सहसंस्थापक जॅक डॉर्सी यांच्या पहिल्या ट्विटचे टोकन २०२१ मध्ये सुमारे २९ लाख डॉलरना विकले गेले. वर्षभराने मालकाने ते ४.८ कोटी डॉलरच्या अपेक्षेने पुन्हा विक्रीस काढले, तेव्हा ठरलेल्या मुदतीत आलेली सर्वांत मोठी बोली ३०० डॉलरच्याही आत होती.

त्यातून भारतात नफा झालाच तर त्यावर सरसकट ३० टक्के कर आणि वर उपकर; खरेदीच्या किमतीखेरीज कोणताही खर्च वजा होत नाही आणि एका टोकनातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातूनही वळता करता येत नाही. ८ हजारांच्या व्यवहारात ही उठाठेव कोण करणार?

ठसेकाम: वरील प्रतिसाद रास्त असले तरी त्यांत एक बाजू राहून गेली आहे. मुद्राचित्रांच्या (ठशावरून छापलेल्या चित्रांच्या) दुनियेत ७/५० असा, म्हणजे ५० प्रतींतली सातवी, असा क्रमांक आणि चित्रकाराची सही असलेल्या प्रतीला मान असतो, तो प्रतिमा दुर्मीळ असते म्हणून नव्हे, तर ती प्रत चित्रकाराने स्वतः मोजून दिलेली असते म्हणून. भाच्याच्या सुरुवातीच्या ५० पाठीराख्यांत आपण होता, याची सर्वांना तपासता येणारी नोंद राहील; तिचे मोल आपण ठरवावे. मात्र पुनर्विक्रीत कलावंताला वाटा मिळतोच, या भरवशावर राहू नये. ब्लॉकचेन तशी सक्ती करीत नाही, आणि ओपनसी या मोठ्या बाजारपेठेने २०२३ मध्ये हा वाटा विक्रेत्याच्या मर्जीवर सोडला.

हौशी संग्राहक: सर्वांचे आभार. चित्र घरी छापून भिंतीवर लावण्याची लेखी परवानगी आणि फाइल कोठे साठवली आहे याची माहिती, अशा दोन गोष्टी भाच्याकडे मागितल्या. पहिली त्याने लगेच लिहून दिली. दुसरीचे उत्तर त्यालाही ठाऊक नव्हते, तो आता शोध घेत आहे. तोवर मी पैसे दिलेले नाहीत.