शब्दचर्चा : लिगँड, दंती आणि नांगी

प्रश्न : रसायनशास्त्राच्या लेखाच्या भाषांतरात 'लिगँड'साठी (धातूच्या अणूला चिकटणारा रेणू किंवा आयन) 'बंधक' लिहिलं. संपादक म्हणाले, हा तर हिंदी बातम्यांतला ओलीस वाटतो. दुसरा शब्द सुचवा. आणि 'बायडेंटेट'ला (दोन अणूंनी धातूला धरणारा लिगँड) 'द्विदंती' चालेल का?

उत्तर १ : संपादकांचं खरं आहे. लॅटिन 'लिगारे' म्हणजे बांधणे, त्यावरून आल्फ्रेड स्टॉक यांनी 1916 साली हा शब्द काढला. म्हणजे व्युत्पत्तीने 'बंधक' चुकीचा नाही. पण इथे बांधाबांधीपेक्षा देणंघेणं जास्त आहे. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) फिकट निळ्या द्रावणात अमोनिया थेंबथेंब घाला. आधी निळसर साका धरतो, आणखी घातला की तो विरघळून द्रावण गर्द निळं होतं. तांब्याभोवती आधी पाण्याचे रेणू होते (तेही लिगँडच!), त्यांतल्या बहुतेकांना हुसकून अमोनिया बसला. त्याच्या नायट्रोजनकडची इलेक्ट्रॉनांची जोडी तांब्याच्या रिकाम्या कक्षकात (ऑर्बिटलमध्ये) सामावते.

मग 'दाता' का नको? कारण 'दाता अणू' म्हणजे त्यातला फक्त नायट्रोजन, लिगँड म्हणजे अख्खा अमोनिया. दोन्हींना एकच शब्द दिलात तर पुढच्याच परिच्छेदात फजिती. मी 'लिगँड'च ठेवतो, पुल्लिंगी : तो लिगँड, ते लिगँड.

'द्विदंती' उत्तम. लॅटिन 'डेन्स' आणि आपला 'दंत' सख्खे भाऊ आहेत. फक्त दात मोजायचे ते धातूला चावणाऱ्या अणूंचे, इलेक्ट्रॉनजोड्यांचे नव्हे. पाण्याच्या ऑक्सिजनवर दोन मोकळ्या जोड्या असतात, तरी पाणी एकदंतीच.

उत्तर २ : 'कीलेट'ला (एकच लिगँड दोन किंवा जास्त दातांनी धातूला धरतो ती रचना) 'नांगीबंध' कसं वाटतं? मूळ ग्रीक शब्द खेकड्याच्या नांगीचाच आहे, 1920 मध्ये मॉर्गन आणि ड्र्यू यांनी तो रसायनशास्त्रात आणला.

उत्तर १ : नांगी म्हटलं की आधी विंचू आठवतो, आणि त्याची नांगी डंख मारते, धरत नाही. मला 'चिमटा' बरा वाटतो. एथिलीनडायअमाइन दोन टोकांच्या दोन नायट्रोजनांनी एकाच धातूला धरतो आणि धातूसकट पाच अणूंचं कडं तयार होतं. ही पकड भलतीच घट्ट. निकेलभोवती सहा अमोनियांऐवजी असे तीन चिमटे लावले की स्थिरतेचा स्थिरांक (पकड किती घट्ट हे सांगणारा आकडा) अब्जावधी पटींनी वाढतो. सहा रेणू सुटतात, तीनच अडकतात, म्हणजे द्रावणात मोकळे कण वाढतात, अव्यवस्था (एन्ट्रॉपी) वाढते आणि कल तिकडेच झुकतो. मुख्य कारण तेच. अर्थात इडीटीए नावाचा लिगँड सहा दातांनी धरतो, तिथे 'चिमटा' तोकडा पडतो.

उत्तर ३ : फेरोसीन या लोखंडाच्या संयुगाचं काय? तिथे लोखंडाला दोन्ही बाजूंनी पाच-पाच कार्बनांचं अख्खं कडं सपाट टेकलेलं. त्यात दात कुठला दाखवणार?

उत्तर १ : तिथे 'दंती' नकोच. तो प्रकार 'हॅप्टिसिटी'चा, म्हणजे लिगँडचे लगतचे किती अणू मिळून धातूला टेकतात त्याचा. त्यातल्या ग्रीक क्रियापदात स्पर्शाचा अर्थ आहे. 'पंचस्पर्शी' म्हणून बघा.

प्रश्नकर्ता : 'लिगँड', 'द्विदंती' आणि 'पंचस्पर्शी' घेतले. 'कीलेट' तूर्त कीलेटच.