वेलिंग्टनचं घर अखंड, आपले वाडे हिश्श्यांत. असं का?

मलप्रभाकाठ
३० जुलै १८०० ला बेळगाव जिल्ह्यातल्या मुनवळ्ळीजवळ बंडखोर धोंडिया वाघाच्या छावणीवर इंग्रज अधिकारी आर्थर वेलस्ली तुटून पडला. पुढं तो वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनला हरवल्याबद्दल १८१७ मध्ये सरकारी पैशातून त्याला हॅम्पशरमधली स्ट्रॅटफील्ड से ही इस्टेट घेऊन दिली गेली. घर आजही त्याच घराण्यात. इकडं देसायांच्या वाड्यात सोप्याला आडवी भिंत, माडीला वेगळा जिना, उताऱ्यावर वीस-वीस नावं. इंग्लंडात सगळं थोरल्या मुलाला मिळायचं, एवढंच कारण का?

खानापूरकर
तेवढ्यानं भागत नाही. थोरला उधळ्या निघाला की सगळं संपलं. खरी मेख दस्तात असायची. बाप फक्त हयातीपुरता धनी. मुलगा २१ वर्षांचा झाला की बापलेक मिळून जुना दस्त मोडायचे आणि लगेच नवा करायचे. मुलाला सालाना रक्कम सुरू व्हायची, त्या बदल्यात तोही हयातीपुरताच धनी व्हायचा आणि मालकी न जन्मलेल्या नातवावर जायची. दर पिढीला हेच. विकायचा हक्क असलेला माणूस कधी सापडायचाच नाही!

धाकट्यांचे पैसे आणि विधवेची नेमणूक मात्र जमिनीवर बोजा म्हणून चढायची. १८७० नंतर अमेरिकेचा स्वस्त गहू आला, खंड उतरला, बोजा तेवढाच राहिला. तिथंच घराणी बुडाली. म्हणून १८८२ च्या कायद्यानं हयातीच्या धन्याला जमीन विकायची मुभा दिली, पैसे विश्वस्तांकडे. मुख्य हवेली विकायला मात्र विश्वस्तांची संमती किंवा कोर्टाचा हुकूम लागायचा.

आपल्याकडं मिताक्षरेनं, म्हणजे जुन्या हिंदू वारसा कायद्यानं, मुलाचा हक्क जन्मतःच. वाटणी मागितली की उभी राहिली मधली भिंत.

सौंदत्तीवाला
खानापूरकर, सरसकट नको. काही देसगती, म्हणजे देसायांची वतनं, अविभाज्य होत्या. गादी थोरल्याला, भाऊबंदांना पोटगी. तिथं वाड्यापेक्षा जमीन आधी गेली: १९५० नंतर वतनं खालसा झाली, आणि १ मार्च १९७४ ला कर्नाटकात कुळांकडची जमीन सरकारजमा. उत्पन्न गेल्यावर कौलं कोण फेरणार?

वाटणी न होण्याचं उदाहरण मुनवळ्ळीच्या शेजारीच आहे. शिरसंगीचे लिंगराज देसाई १९०६ मध्ये निपुत्रिक वारले, इस्टेट मृत्युपत्रानं शिक्षणासाठी देऊन.

जुनीकागदं
घराबद्दल थोडं. पार्लमेंटनं मंजूर केले ६ लाख पौंड, त्यातले २ लाख ६३ हजार या इस्टेटीला लागले. बेत होता ब्लेनहाइम राजवाड्याच्या तोडीचा ‘वॉटर्लू पॅलेस’ उठवायचा. खर्चाचा अंदाज बघून १८२१ ला तो सोडला आणि सर विल्यम पिटनं १६३० च्या सुमारास बांधलेलं घरच दुरुस्त केलं. गरम पाण्याच्या नळांनी घर उबदार ठेवायची सोय झाली, खोल्यांना लागून संडास आले. माझ्या मते घर टिकायला हा आटोपशीरपणाही कारण आहे. राजवाडा झाला असता तर नुसतं छप्पर राखतानाच पुढच्या पिढ्या मेटाकुटीला आल्या असत्या.

शिवाय मृत्युकर, म्हणजे धनी वारल्यावर मिळकतीवर बसणारा कर, वाढत गेला: सर्वात वरचा दर १८९४ मध्ये ८ टक्के होता, १९१९ मध्ये ४०. लंडनमधलं ॲप्सली हाऊस तर १९४७ मध्ये राष्ट्राला देऊन टाकलं, घराण्यानं राहायला काही खोल्या तेवढ्या ठेवल्या.

मलप्रभाकाठ
म्हणजे शेवटी तिकडंही खोल्याच! आणि स्ट्रॅटफील्ड सेचा सारा किती भरतात?

जुनीकागदं
पैसा नाही. दरवर्षी १८ जूनला, वॉटर्लूच्या लढाईच्या दिवशी, विंडसरला राजाकडे एक छोटा फ्रेंच तिरंगा पोचवायचा.