मदत हवी आहे : सहा वर्षांच्या खंडानंतर कव्हर लेटर कसे लिहावे?

नमस्कार. मी ठाण्यात वर्तकनगरला राहते. वाशीतील एका कस्टम्स ब्रोकरच्या, म्हणजे आमच्या बोलीतल्या सीएचएच्या, कार्यालयात मी २०११ पासून आठ वर्षे निर्यातीच्या डॉक्युमेंटेशनचे काम केले. शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टम्सकडे द्यायचा अर्ज) भरणे, आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर त्याचा पाठपुरावा करणे, बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावतीचा, मसुदा इन्व्हॉइसशी ताडून शिपिंग लाइनला दुरुस्त्या कळवणे, हे रोजचे काम होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मी नोकरी सोडली. ते गेल्या वर्षी गेले. मुलगा आता सातवीत आहे आणि मला पुन्हा कामाला लागायचे आहे.

बेलापूरच्या एका फ्रेट फॉरवर्डिंग (मालवाहतुकीची व्यवस्था करणाऱ्या) कंपनीत माझ्याच कामाची जागा निघाली आहे. जाहिरातीत बायोडेटासोबत कव्हर लेटर मागितले आहे आणि माझे घोडे तेथेच अडले आहे. शाळेत गिरवलेला अर्जाचा साचा हातात इतका बसला आहे की इंग्रजीत लिहायला घेतले तरी "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की" हेच वाक्य इंग्रजी पेहरावात उतरते. याआधी दोन ठिकाणी असेच पत्र पाठवले. एका ठिकाणाहून काहीच कळले नाही, दुसरीकडे मुलाखतीला बोलावले, पण तेथील बाईंनी पत्रावर बोट ठेवून "यात कामाबद्दल काय आहे?" असे विचारले, तेव्हा मला चटकन उत्तर देता आले नाही.

सध्याच्या मसुद्याचा आशय मराठीत असा आहे (जेएनपीटी म्हणजे न्हावाशेवाचे बंदर):

"मी आठ वर्षांचा अनुभव असलेली, मेहनती व प्रामाणिक उमेदवार आहे. जेएनपीटीतून होणाऱ्या निर्यातीचे सर्व काम मला येते. सासऱ्यांचे आजारपण व मुलाचे शिक्षण यांमुळे मला नाइलाजाने नोकरी सोडावी लागली, याबद्दल मी दिलगीर आहे. आता घरची जबाबदारी कमी झाली असून मी पूर्ण वेळ देऊ शकते. तरी सहानुभूतीपूर्वक विचार करून एक संधी द्यावी, ही नम्र विनंती."

वाचताना मलाच ते रजेच्या अर्जासारखे वाटते. खंडाचा उल्लेख पत्रात करावा की मुलाखतीवर सोडावा, हा माझा मुख्य प्रश्न आहे. ठाण्याहून बेलापूरला पनवेल लोकलने थेट जाता येते, हेही लिहावे का? वेगळे, सांगण्याजोगे असे माझ्या कामात फारसे काही नाही. जीएसटी आल्यानंतरच्या वर्षी एका निर्यातदाराचा कराचा परतावा एसबी ००५ या (इन्व्हॉइस क्रमांक न जुळण्याच्या) त्रुटीत अडकला होता, तेव्हा त्याची ४० शिपिंग बिले मी जीएसटीआर-१ या जीएसटीच्या विवरणपत्राशी जुळवून कस्टम्सला तक्ता करून दिला होता. पण तसले काम तेव्हा सगळ्याच कार्यालयांत चालले होते.

प्रतिसाद

मी तुर्भ्याला याच व्यवसायात आहे आणि आमच्याकडे येणारे अर्ज पहिल्यांदा मीच चाळतो. तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेले ४० शिपिंग बिलांचे वाक्य पत्रात सर्वांत आधी यायला हवे होते, आणि मसुद्यात तर ते कोठेच नाही. शिपिंग बिलातील इन्व्हॉइस क्रमांक जीएसटीआर-१ मधील क्रमांकाशी जुळला नाही की निर्यातीवर भरलेल्या आयजीएसटीचा (जीएसटीचाच एक प्रकार) परतावा थांबतो आणि निर्यातदाराचे खेळते भांडवल अडकून पडते. असा गुंता सोडवणारी व्यक्ती दोन्ही कागद ओळ न ओळ वाचते, एवढे आम्हाला त्या एका वाक्यातून कळते. "मेहनती व प्रामाणिक" काय, सगळेच असतात.

खंड लपवू नका, कारण बायोडेटातील तारखा तो सांगणारच आहेत. त्यासाठी एक वाक्य पुरे, आणि दिलगिरी मुळीच नको. तुम्ही घरी का होतात याच्याशी आम्हाला फारसे कर्तव्य नसते. मधल्या काळात जे बदलले ते तुम्हाला ठाऊक आहे का, ही आमची खरी शंका असते, आणि तुमचा मसुदा नेमका तेथे फसतो. २०२१ चा बंदरांचा नवा कायदा लागू झाल्यावर जेएनपीटीचे जेएनपीए झाले. बोलण्यात आम्हीही जुनेच नाव घेतो, पण सहा वर्षे बाहेर असलेल्या उमेदवाराच्या पत्रात ते दिसले की मनात पाल चुकचुकते. तुम्ही नोकरी सोडल्यावर लगेच, १ जानेवारी २०२० ला, इन्कोटर्म्सची (खर्च व जोखीम विक्रेत्याची की खरेदीदाराची हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय अटींची) नवी आवृत्ती लागू झाली आणि त्यांतील डीएटी या अटीच्या जागी डीपीयू आली. २०२१ च्या जानेवारीपासून एमईआयएस ही निर्यात प्रोत्साहन योजना जाऊन निर्यातमालावरील करांच्या परताव्याची रोडटेप योजना आली. २०२२ मध्ये बरेच एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचे क्रमांक) बदलले. हे आधी खरोखर वाचून घ्या, कारण पत्रात लिहिलेत की मुलाखतीतला पहिला प्रश्न त्यावरच येईल. लोकलचे लिहू नका, पत्ता पुरेसा आहे. पत्र ईमेलच्या मजकुरातच असू द्या. आमच्याकडे तरी बायोडेटाशिवाय दुसरी फाइल कोणी उघडत नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. जेएनपीएचे वाचून ओशाळल्यासारखे झाले. नवी सुरुवात अशी केली आहे:

"२०१८ मध्ये मी एका निर्यातदाराची एसबी ००५ मुळे अडकलेली ४० शिपिंग बिले जीएसटीआर-१ शी जुळवून त्याचा परतावा मोकळा करून दिला. आपल्या जाहिरातीतील निर्यातीच्या डॉक्युमेंटेशनचे काम मी आठ वर्षे केले आहे. नोव्हेंबर २०१९ पासून कौटुंबिक कारणामुळे मी नोकरीत नव्हते. या काळात रोडटेप, इन्कोटर्म्स व एचएस कोड यांत झालेले बदल मी अभ्यासले आहेत."

यातील "अभ्यासले आहेत" हे आज अर्धेच खरे असल्यामुळे अर्ज शनिवारी पाठवते. "नम्र विनंती" न करता पत्र कसे संपवावे, हे मात्र अजून सुचलेले नाही; कोणी सांगू शकेल का?