मदत हवी आहे: पोलिस घरी येऊन गेले, बाबांना ठाण्यात बोलावलंय

चिंचोका:
तातडीने सांगा. आत्ताच दोन पोलिस येऊन गेले. बाबा बाहेर होते, आई घाबरून गेलीय. उद्या ११ ला बाबांना ठाण्यात घेऊन या म्हणाले. न्यायचं की नाही? वकील लागेल का?

घाटमाथा:
कशाबद्दल? नोटीस दिली का? आरोपी म्हणून बोलावलंय की साक्षीदार म्हणून? गणवेशात होते का? एवढ्यावर कोण काय सांगणार?

बंड्या:
सरळ नगरसेवकाला फोन लावा. आमच्याकडे पासपोर्टच्या चौकशीला आले होते तेव्हा एका फोनात काम झालं.

चिंचोका:
साध्या कपड्यांत होते. सोसायटीच्या पैशांचं काहीतरी आहे, बाबा पूर्वी खजिनदार होते. कागद दिला नाही, मागाहून व्हॉट्सअॅपवर फोटो आलाय.

घाटमाथा:
त्या नंबरवर उलट फोन करू नका! 'डिजिटल अरेस्ट'वाले, म्हणजे फोनवरून अटकेची भीती घालून पैसे उकळणारे भामटे, असेच फोटो पाठवतात. अशी अटक कायद्यात नाहीच. पैसे मागितले तर १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, कळवा. ठाण्याचा नंबर स्वतः शोधून ठाणे अंमलदाराला विचारा, खरंच माणसं पाठवली होती का.

लाटणं:
पुन्हा आले तर दारच उघडायचं नाही. वॉरंट दाखवा म्हणायचं, विषय संपला.

काळाकोट:
लाटणं, असले सल्ले देऊन लोकांना अडकवू नका. दखलपात्र गुन्ह्यात अटकेला वॉरंट लागतंच असं नाही. तपास अधिकारी कारणं लिहून, बी.एन.एस.एस. (सीआरपीसीच्या जागी आलेला फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १८५ खाली, वॉरंटशिवाय झडतीही घेऊ शकतो. तेव्हा दोन पंच हवेत, चित्रीकरण हवं, जप्तीच्या यादीची प्रत मागून घ्यायची. आडवे पडलात तर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा वर. साखळी लावून नाव, बक्कल नंबर, ठाणं विचारा. शंका वाटली तर ११२ ला फोन.
चिंचोका, फोटोत कलम कोणतं आहे?

लाटणं:
म्हणजे मान खाली घालून आत घ्यायचं. छान.

चिंचोका:
कोणी आले तर बघू हो, उद्याचं सांगा! बी.एन.एस.एस. कलम १७९ लिहिलंय. ठाण्यात विचारलं, माणसं त्यांचीच होती. बाबा ७१ चे आहेत, त्याने काही फरक पडतो का?

काळाकोट:
अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! १७९ म्हणजे साक्षीदार. ६० च्या वरच्या पुरुषाला आणि कुठल्याही वयाच्या बाईला त्यासाठी घराबाहेर यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. बाबांना स्वतःहून जायचं असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय अशी नोटीस व्हॉट्सअॅपवर चालत नाही, जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. पण म्हणून गप्प बसू नका. आजच लेखी द्या: वय इतकं, घरी जबाब द्यायला तयार. जन्मतारखेच्या पुराव्याची झेरॉक्स जोडा. जबाबावर सही करायची नाही, कलम १८१. स्वतःला गोवणारं उत्तर द्यायची सक्ती नाही.
उद्या ३५(३) ची, म्हणजे संशयित म्हणून हजर राहायची, नोटीस आली तर मात्र ठरल्या वेळी जावंच लागेल. तेव्हा वकील हवाच. ऐपत नसेल तर १५१०० या कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनवर मोफत मिळतो.

बंड्या:
पण पासपोर्टला तर आमची सही घेतली होती.

घाटमाथा:
पासपोर्टचा धागा वेगळा काढा हो.

चिंचोका:
पत्र मराठीत चालेल ना? आणि पोच द्यायला नाही म्हणाले तर?

काळाकोट:
मराठीतच लिहा. पोच नाही दिली तर तेच पत्र स्पीड पोस्टने वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे टाका आणि पावती जपून ठेवा.