उडणारी गाय की उभी राहणारी?

एका पशुपालकाने विचारलंय, गाय दुसरीवर उडताना (म्हणजे चढताना) दिसली की लगेच भरवतो (रेतन करून घेतो), तरी तीनदा उलटली, गाभण राहिली नाही, असं का? उडणारी गाय माजावर, म्हणजे गाभण राहण्याच्या तयारीत, असेलच असं नाही. दुसरी अंगावर उडली तरी जागची न हलता उभी राहते, ती खरी माजावर. हा उभा माज साधारण १२ ते १८ तास टिकतो आणि बीज (स्त्रीबीज) सुटतं ते माज संपल्यावर १० ते १४ तासांनी. म्हणून सकाळी उभी राहिलेली संध्याकाळी भरवा, संध्याकाळची दुसऱ्या दिवशी सकाळी. लवकर भरवली की बीज सुटेपर्यंत रेत निकामी होतं.

दावणीला बांधलेल्या जनावरात हे कळणारच कसं? सकाळ-संध्याकाळ अर्धा तास मोकळी सोडा. शेपटीच्या मुळाशी केस विस्कटलेत का, सोट (माजात योनीतून येणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ आहे का, बघा. सोट गढूळ असेल तर भरवू नका, आधी गर्भाशयाचा उपचार.

म्हशीचं निराळं. मुका माज, उडणं क्वचितच. पहाटे ओरडणं, दूध चोरणं (पान्हा न सोडणं), थोडी-थोडी लघवी, एवढ्यावरच ओळखायचं.

आणि माज साधारण २१ दिवसांनी परत येतो, तो हिशेब सोडून सतत उडणारी गाय? बीजांडकोशावर गाठ असू शकते, तपासून घ्या.