शिल्पातील आरपार भोक : छिद्र, नेढे की वेज?

सातारकर : बार्बरा हेपवर्थ (१९०३–१९७५) या ब्रिटिश शिल्पकर्तीवरील लेखाचा अनुवाद करीत आहे. १९३२ मध्ये त्यांनी अलाबास्टर या मऊ दगडाच्या एका अमूर्त शिल्पाला आरपार भोक पाडले. मी 'छिद्र' लिहिले, संपादकांनी त्याचे 'पोकळी' केले. पोकळी आरपार असतेच असे नाही, आणि छिद्र म्हटले की गळकी बादली आठवते. काय लिहावे?

कृष्णाकाठ, वाई : नेढे लिहा. राजगडाच्या कातळातले आरपार नेढे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या महाबळेश्वरच्या नीडल होल पॉइंटवर कातळाच्या सोंडेआडून पलीकडची दरी दिसते, तेव्हा पाहणाऱ्याचे लक्ष दगडापेक्षा त्यात सापडलेल्या मोकळ्या जागेकडेच अधिक जाते. हेपवर्थ यांचे वडील यॉर्कशरमध्ये सर्वेक्षक होते. लहानपणी त्यांच्या मोटारीतून पाहिलेल्या टेकड्या या बाईंच्या कामात आयुष्यभर उतरत राहिल्या. तेव्हा डोंगरातलाच शब्द शोभेल. शिवाय नेढे 'नेत्रा'वरून आले असावे.

पाथरवट, कराड : नेत्रातील 'त्र'चा 'ढ' कसा झाला, हे सांगितलेत तर उपकार होतील. नेढे वाऱ्यापावसाने पडते. हे टाकीने विंधलेले आहे. कानाचे वेज म्हणतो, तोच शब्द घ्यावा. वेध्यवरून वेज, जशी संध्येवरून सांज. या शिल्पांत मानवी देहही आहेच.

कृष्णाकाठ, वाई : सुईचे नेढे पावसाने पडते काय?

मिरजकर : तंतुवाद्यांच्या गावचा असल्यामुळे राहवत नाही. हेपवर्थ यांच्या १९४६ च्या 'पेलागॉस' या शिल्पात एल्मचे लाकूड आतून कोरून फिकट निळे रंगवले आहे आणि त्यावर दोऱ्या ताणल्या आहेत. इंग्लंडमधील सेंट आइव्ह्ज गावच्या उपसागराच्या दृश्यावरून ते सुचले. आपण आणि समुद्र, वारा, टेकड्या यांच्यात जाणवणारा ताण म्हणजे त्या दोऱ्या, असे हेपवर्थ यांनीच सांगितले आहे. तंबोऱ्याच्या भोपळ्यातील जागेला कोणी छिद्र म्हणत नाही. संपादकांची 'पोकळी' मला पटते.

सातारकर : माझ्या लेखात 'पेलागॉस' नाही. त्यातील शिल्प युद्धात नष्ट झाले आणि छायाचित्रात भोक स्पष्ट आरपार आहे.

पाथरवट, कराड : मिरजेत ताणलेल्या तारेला दोरी कधीपासून म्हणू लागले?

मिरजकर : तार धातूची असते, येथे धातू नाही. 'तात' म्हणावे, तर ती आतड्याची.

कृष्णाकाठ, वाई : मग 'तंतू' लिहा.

पाथरवट, कराड : तंतू वाचला की मला थेट सूतगिरणी दिसते.